दीनार तोच, भाकरी अर्धी





मार्चअखेरीस आपल्या धर्मग्रामाच्या अर्थसमितीची सभा झाली. वर्षाचा जमाखर्च समोर होता. मेणबत्त्या, फुले, विजेचे बिल, ध्वनिक्षेपकाची दुरुस्ती, दफनभूमीची साफसफाई अशा प्रत्येक बाबीपुढे गेल्या पाच वर्षांचे आकडे मांडलेले होते. जवळजवळ प्रत्येक आकडा दरवर्षी थोडा थोडा वर चढला होता. एकच ओळ पाच वर्षे जागची हलली नव्हती. ती होती आपल्या चर्चच्या सेवकाच्या पगाराची. समितीतील एका ज्येष्ठ सभासदांनी त्या ओळीवर बोट ठेवले आणि शांतपणे विचारले, “फादर, मेणबत्ती महागली, ते आपण मान्य केलं. मेणबत्ती पेटवणाऱ्याचं काय?”

मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही. मनात पहिला विचार आला तो असा : ‘आपण त्याचे काहीच बुडवलेले नाही. जे ठरले होते ते दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, एकही दिवस उशीर न करता दिले आहे.’ हा विचार खोटा नव्हता. तरीही तो मला पटेना. त्या पगारपत्रकावर दरवर्षी मीच सही केली होती. (हे सर्व मी त्या सेवकबंधूची परवानगी घेऊन लिहीत आहे.)

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात घोळतो आहे आणि तो आज आपल्यासमोर ठेवतो. ठरलेला पगार ठरल्या दिवशी दिला, म्हणजे न्याय झाला का? हा प्रश्न फक्त चर्चचा नाही. आपल्यापैकी कोणाच्या घरी धुणीभांडी करायला बाई येते, कोणाच्या वाडीत मजूर राबतात, कोणाच्या दुकानात मुलगा कामाला आहे, कोणाच्या आजारी आईवडिलांना सांभाळायला माणूस ठेवलेला आहे. आपल्यापैकी बरेचजण स्वतःही दुसऱ्याकडे नोकरी करतात. म्हणजे हा प्रश्न कोणी मालक म्हणून ऐकेल, कोणी नोकर म्हणून.

माप लहान होते तेव्हा

आपण पगाराचा आकडा बोलतो, पण घरी आकडा शिजत नाही. घरी तांदूळ शिजतो, डाळ शिजते. महागाई वाढते म्हणजे काय होते? नोट तीच राहते, पण तिच्यात मावणारा तांदूळ कमी होतो.

किती कमी होतो, हे मोजायची व्यवस्था आपल्या देशात आहे. केंद्र सरकारचा कामगार विभाग देशातील ८८ औद्योगिक केंद्रांतील ३१७ बाजारांतून भाव गोळा करतो. धान्य, भाजी, घरभाडे, कपडे, इंधन, औषधे, शाळेचा खर्च, प्रवास, सगळे त्यात येते. त्यावरून दर महिन्याला औद्योगिक कामगारांसाठी ग्राहक किंमत निर्देशांक काढला जातो. सध्याच्या मालिकेत २०१६ हे वर्ष १०० धरले आहे. केंद्र सरकारी नोकरांचा महागाई भत्ता याच निर्देशांकावर ठरतो आणि वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलैपासून, त्यात बदल होतो. सातव्या वेतन आयोगानंतर जानेवारी २०१६ मध्ये हा भत्ता शून्यावरून सुरू झाला. जानेवारी २०२४ मध्ये तो मूळ पगाराच्या ५० टक्क्यांवर पोहोचला.

या साध्या हिशेबाकडे जरा नीट पाहा. सरकार स्वतःच सांगते आहे की २०१६ च्या सुरुवातीला जे घर १०,००० रुपयांत चालत होते, ते २०२४ च्या सुरुवातीला चालवायला १५,००० रुपये लागत होते. ही काही बढती नव्हे. माणूस जिथे होता तिथेच उभा राहावा, एवढ्यासाठी हे पाच हजार. आता समजा, त्याच आठ वर्षांत एखाद्या घरी काम करणाऱ्या बाईचा पगार तोच राहिला. मग २०२४ मध्ये तिला तीन दिवस राबून जुन्या दोन दिवसांचीच मजुरी मिळत होती. तिसरा दिवस फुकट गेला. कोणी तिला सांगितले नाही की आजपासून तुझा पगार एक तृतीयांशाने कमी केला आहे. तसे सांगितले असते तर ती भांडली असती, काम सोडून गेली असती आणि सांगणाऱ्यालाही लाज वाटली असती. पण इथे कोणी काही केलेच नाही, त्यामुळे कोणाला लाजही वाटली नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचा पाचवा भाग आम्हाला अभ्यासाला होता. त्यात न्यायाची चर्चा करताना तो पैशाकडे वळतो. घर बांधणारा आणि जोडे शिवणारा यांच्या वस्तूंची तुलना व्हावी म्हणून पैसा हे माप माणसाने तयार केले, असे तो सांगतो. आणि जाता जाता तो हेही नोंदवतो की इतर वस्तूंप्रमाणे पैशाचीही किंमत नेहमी सारखी राहत नाही. तेव्हा विद्यार्थी म्हणून ते वाक्य मी वाचले आणि पुढे गेलो. आज कळते की त्या एका वाक्यात केवढे ओझे आहे. माप आखडत असेल, तर मापात घालून दिलेली मजुरीही आखडते.

मापाविषयी आपला देव फार काटेकोर आहे. लेवीयच्या पुस्तकात (१९:३५-३६) खरा तराजू, खरी वजने आणि खरे माप ठेवण्याची आज्ञा आहे. आमोस संदेष्टा (८:५) माप लहान करून आणि तराजू खोटा करून गरिबांना लुबाडणाऱ्या व्यापाऱ्यांवर देवाचा कोप जाहीर करतो. आपण म्हणू, ‘फादर, तो व्यापारी स्वतः माप कापत होता. रुपयाचे माप आम्ही कुठे कापले?’ हे खरे आहे. रुपया आपण लहान केला नाही. परंतु माप लहान झाले आहे हे कळल्यानंतरही जो त्याच मापाने देत राहतो, तो निर्दोष कसा? मापाचे लहान होणे हा आपला अपराध नाही, पण ते माहीत असून डोळेझाक करणे ही आपली जबाबदारी आहे. मिस्साच्या आरंभी आपण केलेल्या पापांबरोबर न केलेल्या कर्तव्यांचीही क्षमा मागतो. हे पाप त्या दुसऱ्या प्रकारात मोडते.

एका दीनारात किती?

‘ठरले ते दिले’ असे म्हणणाऱ्याला शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा दाखला (मत्तय २०:१-१६) आठवेल. तिथला धनी कुरकुरणाऱ्या मजुराला विचारतो की आपला एका दीनारावर करार झाला नव्हता का? म्हणजे प्रभू येशूनेही कराराचीच बाजू घेतली, असे वाटते. पण दाखला पुन्हा वाचा. धन्याने करार कोणाशी केला होता? पहाटे आलेल्यांशी. त्यांना त्याने ठरल्यापेक्षा एक पैसाही कमी दिला नाही. आणि जे दिवस मावळता मावळता आले, त्यांच्याशी तर आकडा ठरलाच नव्हता. त्यांनाही त्याने पूर्ण दीनार दिला. का? दीनार ही त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी होती, त्यावर घराचा एक दिवस निघत असे. काम तासभर झाले म्हणून पोरांची भूक बारा वाट्यांतली एकच वाटी होत नाही. धन्याने आकड्याकडे पाहिले, तसे त्या आकड्यामागच्या घराकडेही पाहिले.

आता याच दीनाराचा दुसरा उल्लेख पाहा. प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात तिसरा शिक्का फोडला जातो, तेव्हा काळ्या घोड्यावरचा स्वार हाती तराजू घेऊन येतो आणि बाजारभाव पुकारला जातो (६:६). एका दीनाराला एका माणसाला जेमतेम एक दिवस पुरेल एवढाच गहू, किंवा त्याच्या तिप्पट जव. नेहमीपेक्षा हा भाव अनेक पटींनी जास्त होता. मजुराने दिवसभर राबून मिळवलेल्या दीनारात गहू घेतला तर त्याचे एकट्याचेच पोट भरेल, बायकोमुलांना काय? घरच्यांना जगवायचे तर सर्वांनी जवावर भागवायचे आणि बाकी काहीच घ्यायचे नाही.

दोन्ही ठिकाणी दीनार एकच आहे. द्राक्षमळ्यातला दीनार घर चालवतो, प्रकटीकरणातला दीनार घर उपाशी ठेवतो. आणि हे दुसरे चित्र पवित्र शास्त्राने युद्ध, दुष्काळ आणि मृत्यू यांच्या पंगतीला बसवले आहे. मजुरी किती, याचे उत्तर पवित्र शास्त्र नाण्यात देऊन थांबत नाही. त्या नाण्यात धान्य किती, हेही ते सांगते.

पण त्यानेच तर मान्य केले होते!

यावर एक आक्षेप नेहमी येतो. ‘त्याला परवडत नसेल तर त्याने सांगावे. तो गप्प आहे, रोज कामाला येतो आहे, म्हणजे त्याला मान्य आहे.’ हा आक्षेप वरवर सरळ वाटतो, म्हणूनच त्याचा विचार केला पाहिजे.

सन १८९१ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक काढले. तेव्हा युरोपातील कारखानदार हेच म्हणत होते : मजुराने राजीखुशीने मान्य केलेली मजुरी आम्ही देतो, मग आमचा दोष काय? पोप लिओंनी उत्तर दिले ते असे. मालक आणि मजूर यांनी मोकळेपणाने करार जरूर करावा. पण त्या कराराच्याही वर निसर्गाचा एक न्याय आहे. साधेपणाने राहणाऱ्या कामगाराचा चरितार्थ चालेल, यापेक्षा मजुरी कमी असता कामा नये. गरजेपोटी किंवा याहून वाईट घडेल या भीतीने मजुराने कमी मजुरी मान्य केली, तर ती त्याची संमती नव्हे. तो बळजबरीचा बळी ठरतो.

पुढे ९१ वर्षांनी आपल्या देशाचे सर्वोच्च न्यायालय वेगळ्या वाटेने याच जागी पोहोचले. दिल्लीत १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी बांधकामे चालू होती आणि तिथल्या मजुरांना किमान वेतनही मिळत नव्हते. त्या खटल्याच्या निकालात न्यायमूर्ती भगवती यांच्या पीठाने सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करायला लागणे ही घटनेने मना केलेली वेठबिगारीच होय. कोणी चाबूक घेऊन उभा नसेल, पण भूक उभी असते. भुकेची सक्तीही सक्तीच.

म्हणून आपल्या घरी काम करणारी बाई गप्प आहे, एवढ्यावरून तिला मान्य आहे असे समजू नये. तोंड उघडले तर काम जाईल, ही भीती तिला गप्प ठेवत असेल. आपल्या चर्चचा सेवकही पाच वर्षे एक शब्द बोलला नव्हता. सभेनंतर मी त्याला विचारले, “तू मला का नाही सांगितलंस?” तो म्हणाला, “फादर, चर्चकडे कसं मागायचं?” त्याचे हे वाक्य मला फार लागले. त्याचा आदर आपण त्याच्याच विरुद्ध वापरला होता, आणि तेही नकळत.

एकाच बाकावरचे दोघे

देशपातळीवर पाहिले तर महागाईशी पगाराची सांगड तीन प्रकारे पडते. काहींचा पगार नियमानेच वाढतो, जसा सरकारी नोकरांचा. काहींचा संघटनेच्या वाटाघाटीतून वाढतो. आणि उरलेल्यांचा मालकाच्या मनात आले तर वाढतो.

पहिल्या दोघांनाही हे फुकट मिळालेले नाही. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर भाव भडकले, तेव्हा मार्च १९४० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी महागाई भत्त्यासाठी संप केला. तो सुमारे ४० दिवस चालला. त्या दशकात मुंबईच्या गिरण्यांतील भत्ता राहणीमानाच्या खर्चाच्या निर्देशांकाशी जोडला गेला. आज भत्ता घेणाऱ्या कितीतरी कुटुंबांना हे ठाऊकही नसेल की त्यामागे कोणाच्या तरी घरची चूल थंड राहिली होती.

तिसऱ्या प्रकारात मात्र देशातील बहुसंख्य माणसे आहेत. अर्जुन सेनगुप्ता आयोगाच्या २००७ च्या अहवालाप्रमाणे देशातील दहापैकी नऊहून अधिक कामगार असंघटित स्वरूपाच्या कामात होते. त्यांच्यासाठी १९४८ मध्ये किमान वेतन कायदा झाला आणि दर निदान पाच वर्षांनी तपासावेत असे त्यात ठरले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही मर्यादा साधारण पाच वर्षांचीच आहे. महाराष्ट्रात मधल्या काळासाठी दर सहा महिन्यांनी विशेष भत्ता जाहीर होतो. पण हातावर पोट असलेल्या किती मजुरांपर्यंत हा आकडा पोहोचतो, हे आपण आपल्याच आळीत डोळे उघडून पाहावे.

निवृत्तांची गोष्ट आणखी बोलकी आहे. रविवारी एकाच बाकावर शेजारी बसणारे दोघे डोळ्यांसमोर आणा. एक केंद्र सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या निवृत्तिवेतनावर वर्षातून दोनदा महागाईप्रमाणे वाढ मिळते. करोनाच्या काळात २०२० आणि २०२१ मधील तीन हप्ते गोठवले गेले, त्या १८ महिन्यांची थकबाकी मिळाली नाही, तरी जुलै २०२१ पासून वाढ पुन्हा सुरू झाली. दुसरे खाजगी कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांना भविष्यनिर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेतून पेन्शन मिळते. त्यात सप्टेंबर २०१४ पासून किमान १००० रुपये ठरवले गेले आणि पुढील दहा वर्षे तो आकडा तसाच राहिला. दोघांनी सारखीच वर्षे घाम गाळला, दोघे एकाच बाजारात मासळी घेतात. पण एकाचे माप महागाईबरोबर मोठे होते आणि दुसऱ्याचे नाही. शांतीचे चिन्ह देताना हे दोघे हात जोडून एकमेकांकडे पाहतात, तेव्हा हा फरकही त्यांच्यामध्ये उभा असतो.

सगळ्यांचेच पगार वाढवले तर?

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे ऐकली पाहिजे. अर्थतज्ज्ञ सांगतात की भाव वाढले म्हणून पगार वाढवले, पगार वाढले म्हणून मालकांनी पुन्हा भाव वाढवले, तर हे चक्र थांबतच नाही आणि त्यात सर्वांत आधी गरीबच भरडला जातो. ही भीती निराधार नाही. १९७४ मध्ये देशात महागाईचा दर २० टक्क्यांच्या वर गेला, तेव्हा केंद्र सरकारने कायदा करून नोकरदारांची सर्व पगारवाढ आणि वाढीव महागाई भत्त्याचा अर्धा भाग सक्तीने ठेवीत घातला, तो याच कारणासाठी.

परंतु चक्र थांबवण्यासाठी कोणीतरी पोटाला चिमटा घ्यायचा असेल, तर तो कोणी घ्यायचा? नेहमी ज्याला बोलता येत नाही त्यानेच का? पोप पायस अकरावे यांनी १९३१ मध्ये ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ या परिपत्रकात न्याय्य वेतनासाठी तीन गोष्टी पाहायला सांगितल्या : कामगार व त्याच्या कुटुंबाचा चरितार्थ, धंद्याची स्थिती आणि सर्वांचे हित. धंदा बुडेल इतकी मजुरी मागणे न्यायाचे नाही, असे ते स्पष्ट म्हणतात. पण मालकाच्या आळसामुळे किंवा गैरकारभारामुळे नफा घटला असेल, तर त्या सबबीखाली मजुरी कापणेही न्यायाचे नाही, हेही ते तितक्याच स्पष्टपणे म्हणतात.

आपल्या धर्मग्रामात काही एकट्या राहणाऱ्या आज्या आहेत. ठेवीचे व्याज आणि तुटपुंजी पेन्शन यांवर त्यांचे चालते. त्यातूनच त्या सांभाळणाऱ्या बाईचा पगार देतात. त्यांचे व्याज महागाईबरोबर वाढत नाही, मग बाईचा पगार कोठून वाढवणार? माझ्या अल्पमतीप्रमाणे, अशा वेळी खरे बोलणे हा न्यायाचा पहिला भाग आहे. ‘मला एवढेच देता येते, तर तू तेवढेच तास ये,’ असे म्हणता येते. पैसे तेच आणि काम मात्र वाढतच गेले, असे होऊ नये. पण एवढ्याने प्रश्न संपत नाही, कारण आजीला पूर्ण वेळ माणसाची गरज असते आणि बाईला पूर्ण पगाराची. दोघीही चुकलेल्या नाहीत, तरी दोघी अडलेल्या आहेत.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्सेर्चेन्स’ या परिपत्रकात मांडलेला एक विचार इथे उपयोगी पडतो. जो पगार हातात देतो तो प्रत्यक्ष मालक. पण त्याच्यामागे कायदे करणारे सरकार, संस्था आणि सारा समाज असतो; तोही अप्रत्यक्ष मालक आहे. त्या आजीला जी वाढ देता येत नाही, तिच्यात मुंबईत किंवा परदेशात कमावणाऱ्या तिच्या मुलांचा वाटा आहे, शेजाऱ्यांचा आहे, धर्मग्रामाचा आहे आणि दहा वर्षे पेन्शनचा आकडा न हलवणाऱ्या व्यवस्थेचाही आहे. याच परिपत्रकात त्यांनी सांगितले आहे की एखादी अर्थव्यवस्था न्याय्य आहे की नाही, याची खरी कसोटी तिथे मिळणारे वेतन हीच आहे. २०२५ मध्ये निवडून आलेल्या आपल्या पोप महोदयांनी ‘लिओ’ हे नाव घेतले, ते मुख्यतः ‘रेरुम नोव्हारुम’ लिहिणाऱ्या लिओंची आठवण ठेवून. १३४ वर्षांनंतरही तो प्रश्न जुना झालेला नाही.

देणे आणि दान

आणखी एक गोष्ट मला स्वतःला तपासून पाहावी लागली. आपण म्हणतो, ‘पगार नाही वाढवला, पण नाताळला साडी देतो, मुलांना वह्या देतो, आजारपणात मदत करतो.’ हे सर्व चांगले आहे, ते बंद करू नये. पण संत थॉमस अक्वायनस यांनी केलेला भेद विसरू नये. मजुरी ही श्रमाची किंमत आहे आणि ती देणे ही न्यायाची कृती आहे. साडी हे दान आहे. देणे असेल तिथे दान देऊन फिटत नाही. दान घेणाऱ्याला मान खाली घालून आभार मानावे लागतात. हक्काची मजुरी घेणाऱ्याला मान ताठ ठेवता येते. वर्षभर पगारातून जे निसटले, त्याचाच एक छोटा तुकडा नाताळला रंगीत कागदात बांधून आपण परत देत असू, तर त्यावर त्याने आपले उपकार मानावेत का?

१९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतन ठरवताना अन्न, घरभाडे, इंधन आणि कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड धरले होते. १९९१ मध्ये एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणसमारंभ, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी आणखी एक चतुर्थांश भाग धरायला सांगितला. म्हणजे मजुराच्या घरीही सण असतो, हे कायद्याने मान्य केले आहे. आपण ते मान्य करणार ना?

अर्थसमितीने असे ठरवले आहे : सेवकाचा पगार शेवटचा ठरला तेव्हापासून कामगारांचा निर्देशांक जितक्या टक्क्यांनी वाढला, तितक्या टक्क्यांनी तो आता वाढवायचा आणि यापुढे दरवर्षी १ मे रोजी, कामगार संत योसेफ यांच्या सणाला, तो न मागता तपासायचा. गेल्या पाच वर्षांत जे कमी पडले त्याचे काय, यावर मात्र सभेत दोन मते पडली. काहींच्या मते ते आपण जाणूनबुजून बुडवलेले नाही, म्हणून ते कर्ज नाही. माझ्या मते ते कर्जच आहे, आणि निदान हप्त्याहप्त्याने फेडावे. हा विषय पुढच्या महिन्यात धर्मग्राम परिषदेपुढे येईल. त्यासाठी रविवारच्या दानपेटीत थोडी भर पडावी लागेल, हेही आताच सांगून ठेवतो.

आपणा प्रत्येकाला माझी एक विनंती आहे. आज घरी गेल्यावर आपल्याकडे कामाला येणाऱ्या माणसाचा पगार शेवटचा कधी वाढवला, ते आठवून पाहा. वर्ष आठवत नसेल, तर त्यातच उत्तर आहे. अनुवादाच्या पुस्तकात (२४:१४-१५) देव सांगतो की मजूर आपला भाऊबंद असो वा आपल्या गावात आलेला परका असो, त्याची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी, कारण तो गरीब आहे आणि त्याचे सारे चित्त तिच्यात गुंतलेले असते. आपल्या वाड्यांत राबणारे आदिवासी बांधव आणि परप्रांतातून आलेले मजूर यांनाही ही आज्ञा लागू आहे. शेतात राबणाऱ्यांची अडवलेली मजुरी देवाकडे ओरडते, असे संत याकोब म्हणतो (५:४). महागाईने खाल्लेली मजुरी ओरडत नाही, ती गुपचूप जाते. म्हणून ती ऐकायला कान थोडे अधिक उघडे ठेवावे लागतात.

परवा पहाटे नेहमीप्रमाणे घंटा वाजली. पाच वर्षे मी ती ऐकत होतो, पण ती वाजवणाऱ्याच्या घरी त्या वेळी चहात दूध असते का, हे मी कधी विचारले नव्हते. प्रभू मला क्षमा करो आणि आपणा सर्वांना न्यायाने देण्याचे बळ देवो.

आपला धर्मगुरू